पाण्यावर नोटीस चिकटत नाही

रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या जुन्या पर्जन्यवृक्षाच्या खोडावर, साधारण डोळ्यांच्या उंचीवर, एक कागद चिकटवलेला असतो. वर महापालिकेचं बोधचिन्ह, खाली शिक्का आणि सही, मध्ये बारीक टायपात कामाचं नाव, जागेचा पत्ता आणि 'बाधित वृक्ष' असे दोन शब्द. दोन दिवसांच्या उन्हात कागदाचे कोपरे वळतात, एक सर आली की शाई पसरते. खालून रोज शेकडो माणसं जातात. कुणी बसची वाट बघत त्याच खोडाला टेकतं, कुणी सावलीत स्कूटर लावतं. त्या कागदातली सगळ्यांत मोलाची ओळ मात्र तळाशी असते: हरकती व सूचना सात दिवसांच्या आत लेखी स्वरूपात सादर कराव्यात.

सात दिवस! पन्नास-साठ पावसाळे पाहिलेल्या झाडाच्या बाजूनं बोलायला शहराला मिळतात ते एवढेच. तरीही या सात दिवसांना मी कमी लेखणार नाही. महाराष्ट्रातल्या शहरांत गेल्या काही दशकांत जी झाडं, ज्या टेकड्या, जी तळी वाचली, त्यांतली बरीचशी अशा एखाद्या मुदतीत कुणीतरी कागद वाचला म्हणून वाचली. मोर्चे आणि मानवी साखळ्या नंतर येतात. आधी कुणीतरी थांबून वाचावं लागतं.

ही नोटीस येते 'महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५' या कायद्यातून. शहरात झाड तोडायचं तर वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो, वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागते, झाडावर नोटीस लावावी लागते आणि निर्णय वृक्ष प्राधिकरणाकडून व्हावा लागतो. झाड आपल्याच सोसायटीच्या कुंपणात आहे, आपणच लावलं आहे, म्हणून यातून सुटका नाही. 'तोडणे' या शब्दाचा अर्थही कायद्यानं पुष्कळ रुंद ठेवला आहे. झाड जाळणं किंवा त्याला कोणत्याही प्रकारे इजा करणं हेसुद्धा तोडण्यातच मोडतं. रात्री बुंध्याशी रसायन ओतणारा आणि साल सोलून झाडाला हळूहळू मरायला सोडणारा, दोघेही कायद्याच्या लेखी कुऱ्हाड चालवणारेच आहेत. पाच वर्षांतून एकदा शहरातल्या झाडांची गणना करण्याचं बंधनही याच कायद्यात आहे. म्हणजे आपल्या दारातलं झाड सरकारदरबारी नोंदलेलं असायला हवं. ते तसं आहे का, हे एकदा जरूर विचारून पाहावं.

नोटीस वाचल्यावर जाणते लोक पहिलं काम करतात ते मोजणीचं. अर्जासोबतची यादी मागवायची, ती हातात घेऊन जागेवर जायचं आणि एकेका झाडाखाली उभं राहायचं. यादीत रकाने असतात: अनुक्रमांक, झाडाचं नाव, बुंध्याचा घेर, उंची, वय, आणि शेवटी शेरा. शेऱ्यात तीनच शक्यता असतात: तोडणे, पुनर्रोपण, राखणे. सोबत शिंप्याची टेप असली की पुरते. घेर मोजायचा तो छातीच्या उंचीवर, जमिनीपासून साधारण एक मीटर सदतीस सेंटिमीटरवर. मोजायला लागलं की यादी बोलायला लागते. नाव माहीत नसलं की 'जंगली' असं लिहून मोकळं होण्याची सवय जुनी आहे. त्या एका शब्दामागे उंबर असू शकतो, ज्याच्या फळांवर तांबट आणि हळद्या जगतात. कधी एकाच बुंध्यातून फुटलेली तीन खोडं एक झाड म्हणून मोजलेली असतात. कधी यादीतली झाडं जागेवर सापडत नाहीत, आणि जागेवरची यादीत सापडत नाहीत. हरकतीच्या पत्रात 'झाडे आपले मित्र आहेत' असं लिहिलं तर ते पत्र फायलीत जातं आणि तिथेच राहतं. 'अनुक्रमांक १७ येथील झाडाचा घेर नोंदीपेक्षा जास्त आहे, जातीचे नाव चुकीचे आहे, पुनर्मोजणी करावी' असं लिहिलं तर कुणाला तरी उत्तर द्यावं लागतं.

वयाचा रकाना २०२१ पासून फार महत्त्वाचा झाला आहे. त्या वर्षीच्या दुरुस्तीनं पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला 'वारसा वृक्ष' म्हटलं. तोडायच्या झाडाचं जेवढं वय, तेवढी नवी झाडं लावण्याची आणि सात वर्षं जगवण्याची अट घातली. एका प्रकल्पात दोनशेहून जास्त झाडं जाणार असतील तर प्रकरण राज्य पातळीवरच्या प्राधिकरणाकडे नेलं. साहजिकच झाड अठ्ठेचाळीस वर्षांचं की बावन्न, या प्रश्नाला आता वजन आलं. आणि वय ठरवणं सोपं नाही. शाळेत आपण शिकलो की बुंध्यातली वर्तुळं मोजली की वय कळतं. ते खरं आहे, पण कडाक्याच्या थंडीत वाढ पूर्ण थांबणाऱ्या मुलखातल्या झाडांना ते जास्त लागू पडतं. आपल्याकडे सागात वर्तुळं स्पष्ट दिसतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत सागाच्या वर्तुळांवरून जुन्या काळातल्या पावसाचा अभ्यास झाला आहे. पण वड, पिंपळ, उंबर यांच्यात अशी सरळ वर्तुळं मिळत नाहीत. शिवाय वडाच्या पारंब्या खोडाला वेढून एकजीव होतात, मग घेर तरी कशाचा धरायचा? अशा वेळी आजूबाजूची माणसंच साक्षीदार ठरतात. शाळेच्या वार्षिक अंकातला जुना फोटो, लग्नाच्या अल्बममधलं मांडवामागे दिसणारं झाड, आजोबांनी घर बांधलं तेव्हाची पावती, असा पुरावा लोकांनी शोधून काढावा आणि हरकतीला जोडावा. घराघरांतल्या ट्रंकांमध्ये शहराच्या झाडांचे जन्मदाखले पडलेले आहेत.

'पुनर्रोपण' हा यादीतला सगळ्यांत दिलासा देणारा आणि सगळ्यांत फसवा शेरा. झाडाची अन्न-पाणी शोषणारी बारीक मुळं जमिनीच्या वरच्या थरात असतात आणि पसरतात ती फांद्यांच्या घेराच्याही बाहेर. झाड हलवायचं तर बुंध्याभोवती मातीचा एक गोळा कापून उचलावा लागतो. त्यात यातली बहुतेक मुळं तुटतात. वरचा पर्णसंभारही छाटावा लागतो, कारण उरलेल्या मुळांना तेवढी पानं पोसता येत नाहीत. कोवळं झाड, योग्य हंगाम आणि पुढची दोन-तीन वर्षं रोजची निगा असेल तर ते जगतं. भर उन्हाळ्यात उपटून कुठेतरी रोवलेला, फांद्या नसलेला म्हातारा बुंधा मात्र बहुधा खांबच राहतो. म्हणून नोटिशीच्या वेळी धावणाऱ्यांनी वर्षभरानं पुनर्रोपणाच्या जागेवरही चक्कर मारायला हवी. तिथे फारसं कुणी जात नाही.

कागदाची ही लढाई हरली तर काय होतं, ते मुंबईनं आरे वसाहतीत पाहिलं. मेट्रो तीनच्या कारशेडसाठी दोन हजार सहाशेहून अधिक झाडं काढण्याचा प्रस्ताव होता. त्यावर हरकतींचा अक्षरशः पाऊस पडला. तरी २९ ऑगस्ट २०१९ रोजी वृक्ष प्राधिकरणानं मंजुरी दिली. ४ ऑक्टोबरला, शुक्रवारी, उच्च न्यायालयानं याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री विजेच्या करवती सुरू झाल्या. लोक अंधारात फाटकापाशी जमले. पोलिसांनी जमावबंदी लावली, एकोणतीस जणांना अटक झाली. सोमवारी, ७ ऑक्टोबरला, कायद्याच्या विद्यार्थ्यानं लिहिलेल्या पत्राची दखल घेऊन सर्वोच्च न्यायालयानं 'जैसे थे'चा आदेश दिला. तोवर २,१४१ झाडं पडली होती. एका शनिवार-रविवारचा हिशेब आहे हा. पुढे कारशेड कांजूरमार्गला नेण्याचा निर्णय झाला, तो २०२२ मध्ये फिरला, आणि आज त्याच आरेतून मेट्रो सुटते. मीही मेट्रोनं जातो, मला ती हवीच आहे. पण झाडं की मेट्रो असा प्रश्न कुणी टाकला की मला तो दोन्हींवर अन्याय वाटतो. तिथल्या लोकांचा प्रश्न कारशेडच्या जागेबद्दलचा होता, आणि तो आराखड्यावर रेघ मारण्याआधी, वेळेवर ऐकला जायला हवा होता. त्या लढ्याच्या पदरात काहीच पडलं नाही असंही नाही. आरेतली सुमारे ८१२ एकर जमीन राखीव वन म्हणून वेगळी काढली गेली. तिथल्या पाड्यांवरचे आदिवासी रस्त्यावर उतरले आणि मुंबईच्या मधोमध जंगलात राहणारी माणसं आहेत हे अनेक मुंबईकरांना पहिल्यांदा कळलं.

पुण्याची तऱ्हा जरा वेगळी. तिथे टेकडीवर रोज पहाटे जाणारा एक मोठा समाजच आहे. वेताळ टेकडीच्या कडेनं बालभारती ते पौड फाटा रस्त्याचा विषय निघाला तेव्हा एप्रिल २०२३ मध्ये हजारो पुणेकर टेकडीसाठी चालले. त्यांना गोळा करायला फार श्रम पडले नसावेत, कारण ते एकमेकांना आधीपासून चेहऱ्यानं ओळखत होते. त्याच पुण्यातल्या 'आंघोळीची गोळी' या तरुणांच्या संस्थेनं झाडांना ठोकलेले जाहिरातींचे खिळे पक्कड आणि हातोडी घेऊन काढण्याचा उपक्रम सुरू केला आणि तो इतर शहरांतही पोचला. खिळा काढणं छोटं काम वाटेल. पण ज्या झाडाच्या अंगातून आपण स्वतः सात खिळे उपसले, त्यावर उद्या नोटीस लागली तर ती आपल्या नजरेतून सुटत नाही.

झाडाचं निदान एवढं तरी आहे की त्याला खोड असतं आणि खोडावर कागद चिकटतो. पाण्यावर नोटीस चिकटत नाही.

नवी मुंबईत नेरुळ-सीवूड्सच्या बाजूला खाडीलगत तीन पाणथळी आहेत. एनआरआय, टी. एस. चाणक्य आणि डीपीएस तळं अशी त्यांची नावं शेजारच्या वसाहत, संस्था आणि शाळेवरून पडली. डिसेंबर ते मे या काळात तिथे रोहित, म्हणजेच अग्निपंख, गोळा होतात. ते तिथे का येतात, हे समजून घेतल्याशिवाय या लढ्याचं मर्म कळत नाही. रोहित खातात ते खाडीच्या चिखलात. ओहोटी लागली की ठाणे खाडीचा मैलोन्‌मैल चिखल उघडा पडतो. मग ते मान खाली घालून, चोच उलटी धरून, चिखलपाणी गाळत राहतात. धाकट्या रोहिताला सूक्ष्म शेवाळ हवं असतं, थोरल्याला बारीक किडे-कोळंबीसारखे जीव. पण भरती आली की हाच चिखल माणूसभर पाण्याखाली जातो. या किनाऱ्यावर उधाणाची भरती चार मीटरच्याही वर चढते. लांब पायांच्या पक्ष्यालाही तिथे उभं राहता येत नाही. तेव्हा तो थवा उठतो आणि आतल्या उथळ तळ्यांकडे येतो, सहा-सात तास विसावतो आणि पाणी उतरलं की परत जातो. खाडी हे त्यांचं ताट आहे, तळं ही ओसरी. २०१५ मध्ये ठाणे खाडीचा सुमारे सतराशे हेक्टर भाग रोहित अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये त्याला पाणथळींच्या रामसर यादीत आंतरराष्ट्रीय मान मिळाला. पण ही तळी अभयारण्याच्या रेषेबाहेर राहिली. ताट राखलं, ओसरी तशीच मोकळी राहिली.

आता गंमत नव्हे, दुःखाची गोष्ट अशी की पाणथळ नष्ट करायला डंपरभर माती आणावी लागतेच असं नाही. या तळ्यांत खाडीचं पाणी येतं ते नाल्यांतून आणि रस्त्याखालच्या नळ्यांतून. ते तोंड बुजलं की भरतीचं पाणी आत शिरत नाही. मग उन्हाळ्यात तळ सुकतो, उरलेल्या पाण्यावर शेवाळाची जाड साय धरते, पुढे गवत उगवतं. दोन-तीन वर्षांत फोटोत ते ओसाड मैदान दिसायला लागतं आणि मग कुणीही म्हणू शकतं, इथे पाणथळ आहेच कुठे? डीपीएस तळ्याबाबत नेमका हाच वाद झाला. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोच्या लेखी ती विकासासाठीची जागा होती, रहिवाशांच्या लेखी पक्ष्यांचं घर. २०२४ च्या सुरुवातीला नेरुळ जेट्टीच्या रस्त्यावरच्या फलकाला धडकून रोहित मेले. एप्रिलमध्ये सुकलेल्या तळ्याच्या आसपास भरकटलेले, जखमी पक्षी सापडू लागले, काही मेले. २० मेच्या रात्री घाटकोपरवर उतरत्या विमानाला थवा धडकला आणि एकोणचाळीस रोहित खाली पडले. विसाव्याच्या जागा बुजल्या तर पक्षी विमानांच्या वाटेत येतील, हा इशारा पक्षीअभ्यासक आधीपासून देत होते.

तळ्यात पाणी येत नाही हे सगळ्यांत आधी रोज तिथे फिरायला येणाऱ्यांच्या लक्षात आलं. त्यांनी तारखेसह फोटो काढले, तोंडं कुठे बुजली ते दाखवलं, पत्रं लिहिली, तळ्याभोवती मानवी साखळी केली. राज्य सरकारनं समिती नेमली, आणि २०२५ मध्ये डीपीएसच्या तीस एकरांना संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा देण्याचा निर्णय झाला. शेजारच्या दोन पाणथळींवर गोल्फ कोर्स आणि इमारतींना वाट करून देणारी अधिसूचना उच्च न्यायालयानं २०१८ मध्येच रद्द केली होती, तीही रहिवाशांच्या याचिकेवर. ते प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं.

पाणथळींच्या बाबतीत कायदा झाडांइतका सरळ नाही. इस्रोच्या उपग्रह-नकाशांवरून देशात सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या २,०१,५०३ पाणथळी मोजल्या गेल्या आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना संरक्षण द्यायला सांगितलं. त्याच वर्षीच्या नियमांनी मात्र मिठागरं, भातखाचरं, पिण्याच्या पाण्यासाठी किंवा मत्स्यशेतीसाठी माणसानं बांधलेली तळी वगळली. त्यामुळे प्रत्येक तळ्यापाशी भांडण सुरू होतं ते व्याख्येचं: हे निसर्गाचं की माणसाचं? पाखरांना हा फरक कळत नाही, आणि खरं सांगायचं तर कोकणपट्टीत खारबंदिस्ती, मिठागर आणि खाजण पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांत मिसळलेली आहेत. वनशक्ती या संस्थेच्या याचिकेनंतर उच्च न्यायालयानं पाणथळींवरच्या भरावाविरुद्ध तक्रार करायला समित्या नेमायला लावल्या. कोकणातल्या समितीच्या प्रमुखपदी विभागीय आयुक्त आहेत. सामान्य माणसाला तक्रार घेऊन जायला एक दार झालं, ही मोठीच सोय.

कांदळवनांचं नशीब त्या मानानं बरं. बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल अॅक्शन ग्रुपच्या याचिकेवर ऑक्टोबर २००५ मध्ये उच्च न्यायालयानं राज्यभर तिवरांची तोड थांबवली आणि त्यांच्याभोवती पन्नास मीटरांत बांधकामाला मनाई केली. तेव्हा २६ जुलैच्या महापुराला अडीचच महिने झाले होते. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता आणि मिठी नदीचं पाणी का ओसरत नाही, हे शहर गळ्याइतक्या पाण्यात उभं राहून शिकलं होतं. २०१२ मध्ये राज्यानं कांदळवनांसाठी वनखात्यात वेगळा कक्षच उभा केला. न्यायालयाच्या त्या आदेशाचा खरा उपयोग केला तो मात्र किनाऱ्यावरच्या कोळ्यांनी आणि रहिवाशांनी. पाणी अडलं हे त्यांना सगळ्यांत आधी कळतं, कारण जाळ्यात काय येतं ते त्यांना रोज दिसतं. उरणच्या पारंपरिक मच्छिमारांनी बंदराच्या विस्तारामुळे गेलेल्या मासेमारीचा प्रश्न स्वतः राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे नेला आणि २०१५ मध्ये त्यांच्या बाजूनं भरपाईचा निकाल मिळवला.

भरतीची वेळ काढायची कोळ्यांची आणि कोकणातल्या लोकांची एक जुनी रीत आहे. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. थोडं मागेपुढे होतं, पण चुकत नाही. मोबाइलवर भरतीचं कोष्टक असतानाही मी तळ्यावर जाताना हाच हिशेब करतो, कारण तो कॅलेंडरच्या चौकटीकडे एक नजर टाकली की होतो. गेल्या हिवाळ्यात एका अष्टमीला साडेपाचला पोचलो. रस्त्याखालच्या नळीच्या तोंडाशी आधीच तिघे-चौघे वाकून बघत उभे होते. एकाच्या हातात वही होती, त्यात तारीख, तिथी, वेळ आणि शेवटच्या रकान्यात पाणी. आधीच्या कित्येक ओळींत त्या रकान्यात 'नाही' होतं. सहाच्या सुमारास नळीतल्या चिखलावर एक पातळ ओली रेघ सरकत आली, मग तिच्यामागून फेस, एक प्लॅस्टिकची पिशवी, आणि तिच्यामागून पाणी. कुणी काही बोललं नाही. वहीवाल्यानं वेळ लिहिली, फोटो काढला, आणि वर मान करून खाडीच्या दिशेनं पाहू लागला.